फियाट का थांबते?

नवतपा लागला आहे. सकाळचे जेमतेम साडेनऊ होताहेत, तरी कुडव्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरू लागलं आहे. गोंदिया शहर कुठे संपतं आणि कुडवा कुठे सुरू होतं, हे रस्त्यावरून कळत नाही. दुकानं, घरं, राईस मिलचे उंच पत्रे, मग पुन्हा घरं. एका मिलच्या फाटकाशी उन्हाळी धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर थांबले आहेत. आत उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवताहेत, त्याचा दमट वास रस्ताभर आहे. कोंड्याची बारीक भुकटी सगळ्यांवर सारखीच बसते आहे: कडुनिंबावर, चहाटपरीच्या बाकावर आणि त्या निंबाखाली बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मलईरंगी प्रीमियर पद्मिनीवर.

गाडी गुरुजींची. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झालेत, आता पंचाहत्तरीला आलेत. गाडी १९९१ ची, नागपूरला नोंदलेली, पाटीवर एमएच ३१. आज तिरोड्याला काकूंच्या भाचीचं लग्न आहे, मुहूर्त बारा पस्तीसचा. मी पुढच्या सलग सीटवर गुरुजींच्या डावीकडे बसून आलो आहे. मागे काकू, मांडीवर आहेराची पितळी परात, पायाशी पाण्याचा डबा. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच तिनं ओढ सोडली, दोन हिसके दिले आणि कडेला जाऊन थांबली.

धक्का मारायला कोणाला हाक मारावी लागलेली नाही. टपरीवरचे तिघं कप खाली ठेवून येतात, ट्रॅक्टरवरचा एक पोरगा उडी मारून येतो. नवी गाडी बंद पडली की लोक मालकाकडे बघतात. जुनी फियाट बंद पडली की तिला हात लावतात. हा फरक मला या रस्त्यावर नेहमी दिसतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मिस्त्रींचं शेड जवळच आहे. गाडी लोटत निंबाच्या सावलीत आणली जाते आणि धक्का देणारे परत चहाकडे जात नाहीत, तिथेच उभे राहतात. आता निदान ऐकल्याशिवाय ते हलणार नाहीत.

मिस्त्री पन्नाशीचे आहेत. सहावी-सातवीत ते गुरुजींच्याच वर्गात होते, त्यामुळे गुरुजी त्यांना अजून ‘अरे-तुरे’ करतात आणि मिस्त्री बॉनेटवर वाकलेले असले तरी गुरुजी बोलले की ताठ होतात. आज मात्र प्रश्न मिस्त्री विचारताहेत.

“खोकलली का एकदम गेली, गुरुजी?”

“आधी ओढायची थांबली. मग हिसके दिले. मग गेली.”

“हिसके देऊन गेली म्हणजे पेट्रोल. बटन दाबल्यासारखी गेली असती तं करंट. बसा तुमी, पाहतो.”

एवढ्या दोन वाक्यांत अर्धी गाडी संशयातून सुटते. कॉइल, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट ही मंडळी तूर्त निर्दोष. राहिली ती टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट.

काकू खाली उतरतात, डब्यातलं पाणी जुन्या धोतराच्या तुकड्यावर ओततात आणि तो मिस्त्रींच्या हातात देतात. काही सांगावं लागत नाही. ओला कपडा हा या गाडीच्या उन्हाळ्याचा भाग आहे. या फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टनं बसवलेला आहे. इंजिन तापलं की पंपही तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होऊ लागते. पंपातला पडदा वर-खाली होऊन पातळ पेट्रोल पुढे ढकलतो, पण वाफ त्याच्या हातात सापडत नाही. ती नुसती दबते आणि फुगते. पंप हलत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओला कपडा गुंडाळला की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, वाफ पुन्हा पातळ होते आणि गाडी चालू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात ज्यांनी फियाट चालवली, त्यांनी हे शास्त्र पुस्तकाआधी डिकीतल्या फडक्यावर शिकलेलं असतं.

कपडा गुंडाळला जातो. चहा येतो. चहा संपल्यावर गुरुजी किल्ली फिरवतात आणि इंजिन दुसऱ्याच फिरकीला धरतं. टपरीवाले खूश होतात. गुरुजी घड्याळ बघतात. काकू परात उचलतात.

मिस्त्री बॉनेट लावायला तयार नाहीत.

“एक मिनिट, गुरुजी. कपडा लावला म्हणून सुरू झाली, का चहा होईपर्यंत थांबलो म्हणून सुरू झाली?”

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहतात. हा प्रश्न खरं म्हणजे त्यांचा आहे. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फळ कशाचं, हे सांगता येत नाही, असं त्यांनी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे. आज तेच त्यांच्याच विद्यार्थ्याच्या, ग्रीस लागलेल्या तोंडून त्यांच्यासमोर आलं आहे. लग्नाला उशीर होतो आहे, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यावर उघड आनंद आहे. ते किल्ली फिरवून गाडी बंद करतात.

“विचार बरोबर आहे तुझा. मग?”

“मग काय, बसू द्या तिले पुन्हा. अन् या वेळेस कपडा नाही लावायचा.”

जुनी गाडी सांभाळणाऱ्याची सगळ्यात मोठी कसोटी मला इथे दिसते. बंद पडलेली गाडी सुरू करणं त्या मानानं सोपं आहे. सुरू झालेली गाडी कारण सापडावं म्हणून पुन्हा बंद पडू देणं, तेही लग्नाला जायच्या दिवशी, याला वेगळंच काळीज लागतं.

गाडी पुन्हा सुरू करून सावलीत गुरगुरत ठेवली आहे. मिस्त्री अधूनमधून हातानं थ्रॉटल ओढतात. त्यांचा चेला अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआय करून आलेला. त्याला मारुतीपासून बीएस-सहाच्या गाड्यांपर्यंत सगळं जमतं, पण पॉइंट असलेली गाडी त्यानं इथेच पहिल्यांदा पाहिली. शेडच्या कपाटात नव्या गाड्यांसाठी स्कॅनर आहे. तो त्याला फार आवडतो.

“हिले स्कॅनर लावता आला असता तं लवकर समजलं असतं,” तो म्हणतो.

“स्कॅनर चांगलाच आहे,” मिस्त्री म्हणतात. “पण तो कोन दुखून रायलं ते सांगते. काहून दुखून रायलं ते आपल्यालेच पाहा लागते.”

इंजिन चालू आहे तोवर जमलेली मंडळी आपापलं निदान मांडतात. एकाच्या मते कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. दुसऱ्याच्या मते पेट्रोलमध्ये पाणी. तिसरा म्हणतो, पुढे लिंबू-मिरची नाही, तेव्हा बोलणंच खुंटलं. मिलचे दिवाणजी कागद सांभाळत येऊन उभे राहिलेत. त्यांचं मत पक्कं आहे: “पेट्रोलच बदललं, गुरुजी. आता तं आमच्या तांदळाची दारू करून त्यात टाकतेत.”

लोक हसतात, पण दिवाणजींचं बोलणं वाऱ्यावरचं नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणं २०२५ मध्ये देशभर झालं. ते इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासून होतं, आणि भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतला तांदूळही त्यासाठी दिला जातो. गोंदियाच्या मिलमध्ये धान भरडलं की तांदळाबरोबर कनकी निघते. धान्याचा तो तुकडाही मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्याला चालतो. तेव्हा या जिल्ह्यातल्या बांधीतलं पीक या जिल्ह्यातल्या फियाटच्या टाकीत पोचणं अशक्य नाही. शेतकऱ्याच्या धानाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं आणि बाहेरून आणायचं खनिज तेल थोडं कमी झालं, तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण १९९१ च्या गाडीचं रबर या पेयासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलनं जुने रबरी पाइप आणि पडदे फुगतात, मऊ पडतात, चिरतात. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही सांगितलं आहे. मिस्त्रींनी मागच्याच उन्हाळ्यात पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदललेत. जुना पडदा त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला आहे, आलेल्याला दाखवायला. तो बोटानं दाबला की दबलेलाच राहतो.

“म्हणजे पडदा नाही,” मिस्त्री स्वतःशीच म्हणतात. “पडदा नवा आहे.”

आणि बोलता बोलता इंजिन ओढ सोडतं, दोन हिसके देतं आणि बसतं. अगदी मघासारखंच. मिस्त्रींना झालेला आनंद बघण्यासारखा आहे. बिघाड वेळेवर आला, दिलेल्या शब्दाला जागला.

आता थांबायचं. कपडा नाही, पाणी नाही. गुरुजी बाजेवर बसतात. त्यांच्या हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी आहे. जुन्या गाडीचा मालक ती कधी घरी ठेवत नाही. आरसी बुक, पीयूसी, विमा, नव्या नंबरप्लेटची पावती. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या, त्या गुरुजींनी लावून घेतल्यात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० वर गेलं.

“आणि हीच गाडी पन्नासची झाली की?” गुरुजी मला विचारतात आणि उत्तरही देतात. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी वारसा म्हणून नोंदता येते, तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. मग ती प्रदर्शनाला, फेरीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही.

“२०४१ ला होईल ही पन्नासची. मी तेव्हा नव्वदीला येईन. दोघांनाही प्रदर्शनातच ठेवतील.”

काकू म्हणतात, “तुम्हाला मूळ रूपात राखलेलं कोण म्हणेल? दात कुठे तुमचे?”

बाजेभोवती हशा पिकतो, त्यात गुरुजींचा आवाज सगळ्यात मोठा.

मला या नियमांमधली एक रिकामी जागा टोचते. १५ वर्षांपर्यंत गाडी कामाची, ५० वर्षांनंतर वारशाची. मधल्या ३५ वर्षांत तिचं काय? त्या काळात ती कोणाच्याच कौतुकाची नाही, आणि ५० पर्यंत पोचायचं तर तिला ही ३५ वर्षं कुणीतरी स्वतःच्या खिशातून जगवावी लागते. या गाडीत धूर निवळवणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ती नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे मी नाकारत नाही. मोठ्या शहरांची हवा बघता कडक नियम हवेतच. पण महिन्यातून चार-दोनदा लग्नाला, दवाखान्याला, शेतावर जाणारी, वेळेवर पीयूसी काढणारी एक फियाट आणि रोज शेकडो किलोमीटर धावणारं जुनं वाहन यांच्याकडे नुसतं जन्मसाल बघून पाहणं मला पटत नाही. वय मोजायला सोपं असतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येतं.

चेल्याला कागदांत रस नाही. तो गाडीभोवती फिरून टिचक्या मारतो आहे.

“गुरुजी, हिच्यात ओरिजनल काय काय उरलं?”

गुरुजी आठवून सांगू लागतात. इंजिनाचा ठोकळा मूळचा, पण बोअर वाढवून मोठे पिस्टन बसवलेत. गिअरबॉक्स मुंबईच्या एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचा. रेडिएटरचा गाभा नवा. दारांचे खालचे पत्रे गंजले, ते कापून नवे जोडले. सीटवरचं रेक्झिन दोनदा बदललं. वायरिंग तर मिलच्या उंदरांनी अशी कुरतडली की सगळं नव्यानं ओढावं लागलं. तेव्हापासून बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवलेली असतात.

“मग हे तेच गाडी कशी?”

प्रश्न ऐकून गुरुजी सावरून बसतात. त्यांना मिलिंद आणि नागसेनाची गोष्ट सांगायची आहे, हे काकूंना आधीच कळलेलं दिसतं, कारण त्या पर्समधून लग्नाची पत्रिका काढून वारा घेऊ लागल्यात. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो: महाराज, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, दांडी, यांतलं कुठलं रथ? राजा एकेकाला नाही म्हणत जातो. शेवटी त्यालाच कबूल करावं लागतं की हे सगळे भाग एकमेकांशी जुळून असतात, तेव्हा त्या जुळणीला ‘रथ’ म्हणायचं; भागांच्या आत वेगळा दडलेला असा रथ नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा तो संवाद ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीपासून गाडीनं काही तासांवर असलेल्या या गावात ती नावं परकी नाहीत. टपरीवरचा एक जण तर मध्येच म्हणतो, “माया पोराचं नावच मिलिंद आहे.”

मिस्त्री पान्यानं पंपाचा जोड चाचपत ऐकताहेत. गोष्ट संपल्यावर ते म्हणतात:

“बरोबर आहे, गुरुजी. पण नागसेनानं रथ सोडून दाखवला. जोडून कोन दाखवला? माया मागच्या खोलीत दोन-तीन फियाटचा माल पोत्यात पडला आहे. चाकं हायेत, आस हाय, सगळं हाय. फियाट एकबी नाही.”

नागसेनाला हे उत्तर आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं. जुळणी म्हणजेच गाडी, हे दोघांनाही मान्य आहे. पण जुळणी आपोआप टिकत नाही. बोल्ट सैल होतात, पॉइंटमधलं अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेलं अंतर घासून बदलतं, रबर वाळतं, पत्रा मातीकडे निघतो. कुणीतरी रोज थोडं थोडं परत जोडत राहतो म्हणून फियाट असते. त्यातला त्रास खरा आहे, खर्च खरा आहे. पण तो टाळून तेच नाव मागता येत नाही.

या गाडीच्या जुळणीला मुंबईचा हात पहिल्यापासून आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटशी करार करून मोटारी निघू लागल्या. पाठीच्या गोलाईमुळे ज्या मॉडेलला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणत ते आधी आलं. मग ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. नोंदणी करून गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट बघायची, असे ते दिवस. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि हे राज्य ओसरू लागलं. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता मिस्त्रींना एखादा दुर्मिळ भाग हवा असला की ते ओळखीच्या माणसाला फोन करतात. तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या गाळ्यांत हिंडतो आणि पुडकं ट्रान्सपोर्टनं गोंदियाला येतं. गाडी जिथे जन्मली, तिथूनच तिचे अवयव येतात. टॅक्सी होत्या तोवर मोडीत निघणाऱ्या टॅक्सी या गाड्यांना जगवत होत्या. आता तो झरा आटतो आहे. क्यूबात १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकी गाड्यांचे भाग मिळेनासे झाले, तर हवानाच्या मिस्त्रींनी त्यांत रशियन इंजिनं बसवली. आमच्या मिस्त्रींनीही एक-दोन तुकडे शहरातल्या लेथवाल्याकडून कांतून घेतलेत. माल नाही म्हणून गाडी उभी राहते, हे खरं. पण तिच्या आधी लेथवर असं काम करणारा माणूस उरत नाही, मला त्याची धास्ती जास्त आहे.

“लावा, गुरुजी, किल्ली लावा,” मिस्त्री म्हणतात.

इंजिन सुरू होतं. कपड्याशिवाय.

“काकतालीय न्याय!” गुरुजी म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. इतके उन्हाळे ज्याला औषध मानलं, ते औषध नव्हतंच.

मिस्त्री मान हलवतात. “तसंबी नाही. कपड्यानं थोडा फरक पडतेच, पंप गरम आहे. पण मेन गोष्ट दुसरी आहे. हे त्रास कधीपासून वाढला?”

आता काकू पुढे येतात. त्यांच्या पर्समध्ये एक छोटी डायरी आहे. गाडीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया तारखेसह त्यात असतो. गुरुजींना ती फारशी आवडत नाही. काकू चष्मा लावून वाचतात. आमगावच्या रस्त्यावर बंद पडली. त्याच दिवशी पेट्रोल, टाकी भरून. बालाघाटहून येताना बंद पडली. त्या दिवशीही टाकी भरून. मधे कितीतरी वेळा पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकून बाजारात नेली, तेव्हा काही नाही.

“अन् आज?” मिस्त्री विचारतात.

“आज सकाळी फुल्ल केली. तिरोड्याला जायचं म्हणून.”

चेला हसतो. “टाकी फुल्ल असल्यावर गाडी बसते? उलटं पायजे.”

मिस्त्री हसत नाहीत. ते पाना खाली ठेवतात, हात पुसतात आणि चालत गाडीच्या मागे जातात. सगळा घोळका मागोमाग जातो. इतका वेळ सगळ्यांची तोंडं इंजिनाकडे होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नवंकोरं, चकाकतं, कुलूप असलेलं आहे.

“हे कधी घेतलं?”

काकू पानं उलटतात. दिवाळीनंतर. रात्री कुणीतरी पेट्रोल काढून नेलं होतं, म्हणून कुलपाचं झाकण.

मिस्त्री किल्ली मागून घेतात. झाकण अर्धं फिरतं आणि आतून लांबलचक फुस्स आवाज येतो. टाकी श्वास घेते. चेल्याचं हसू थांबतं. मिस्त्री झाकण सूर्याकडे धरून सगळ्यांना दाखवतात. जुन्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक होतं. याला नाही. रबरी वायसर घट्ट बसवलेला, चोराला वाट नाही आणि हवेलाही नाही.

गुरुजींना पुढचं सांगावं लागत नाही. ते स्वतःच सांगू लागतात, आणि आता ते पूर्णपणे वर्गात आहेत. पंप पेट्रोल ओढतो, तेवढी जागा टाकीत रिकामी होते. हवा आत आली नाही की टाकीतला दाब घटतो. टाकी अर्धी असेल तर वरची बरीच हवा प्रसरण पावून वेळ भागवते, म्हणून बाजारापर्यंत गाडी चालते. टाकी भरलेली असेल तर वर हवा नाहीच, दाब पटकन उतरतो. आणि दाब उतरला की द्रव कमी तापमानालाच उकळतो! म्हणून पंपात वाफ लवकर होते. म्हणून ओल्या कपड्यानं थोडा फरक पडतो. म्हणून थांबलं की फटींतून थोडी हवा शिरते आणि गाडी सुरू होते.

सगळं एका धाग्यात बसतं. एकही लक्षण सुटं राहत नाही. ज्या बिघाडानं इतके महिने या घरात भांडणं लावली, ‘विकून टाका’ ते ‘मी जिवंत असेपर्यंत नाही’ इथवर बोलणं नेलं, तो एका न पाडलेल्या भोकातून आलेला आहे. ओला कपडा पूर्ण खोटा असता तर कधीच टाकून दिला असता. तो थोडा खरा होता, म्हणूनच त्यानं खऱ्या कारणाला इतके दिवस आडोसा दिला. माणसांच्या दुखण्यांतही हे मी पाहिलं आहे. थोडा आराम देणारं औषध हाताशी असलं की कुणी पुढे विचारत नाही.

आणि याचसाठी मला ही गाडी हवी आहे, मिस्त्री हवे आहेत, काकूंची डायरी हवी आहे. इथे प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या चार माणसांच्या आवाक्यात असतं. विज्ञानाचा शिक्षक, सातवी शिकलेला मिस्त्री, हिशोब ठेवणारी बाई आणि उलटा प्रश्न विचारणारा पोरगा मिळून ते शोधू शकतात. आपल्या रोजच्या जगण्यातल्या किती वस्तूंबद्दल आता असं म्हणता येतं?

मिस्त्री झाकण शेडच्या आत, गाडीपासून लांब, व्हाइसमध्ये धरतात. चेला ड्रिलला एक एमएमचा बिट लावतो. भोक पडायला पाणी प्यायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागतो. मिस्त्री फुंकर मारून बघतात, कोंडा जाऊ नये म्हणून वर बारीक जाळीचा तुकडा चिकटवतात. झाकण परत बसतं. गाडी सुरू होते. या वेळी मिस्त्री थ्रॉटल पुष्कळ वेळ ताणून धरतात, इंजिन तापू देतात. ते एकदाही अडखळत नाही.

अकरा वाजून गेलेत. दिवाणजी ट्रॅक्टरकडे परततात, टपरीवाले टपरीकडे. गुरुजी पाकीट काढतात, मिस्त्री हात मागे घेतात, गुरुजी ओरडतात, मिस्त्री ऐकत नाहीत. काकू मागच्या सीटवर बसून डायरी मांडीवर घेतात आणि पेनचं टोपण काढतात.

“झाकणाला भोक. किती लिहू रे?”

“त्याचं काही लिहू नका, काकू.” मिस्त्री रेडिएटरच्या खालच्या बाजूला बोट लावून बघताहेत. बोट ओलं आहे. “खालच्या ओळीत लिहा, वॉटर पंप. गळून रायला. लग्न झाल्यावर आणा.”